तोटीखाली करंगळी

कन्हान,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. नूपुर हिला सप्रेम जयभीम.

या दोन हातांनी आजवर केलेल्या वस्तू अशा: आपल्या विहाराचं फाटक, ज्याची कडी लावताना अजूनही आवाज होत नाही. तुझ्या आजीची घडीची खाट. तुळसाबाई गेली, पण खाट अजून कुरकुरत नाही. शाळेच्या घंटेचा आकडा. तुझी पाचवीतली कंपासपेटी, टाकाऊ पत्र्याचीच, पण चारी कडा आत वळवलेल्या, बोट कापू नये म्हणून. हे पत्र ज्या डब्याबरोबर आलं त्या डब्याची खिटी. आणि कूलर. खाणीच्या क्वार्टरांत, कामठीत, पार पारशिवनीपर्यंत. किती केले ते मोजलं नाही, पण कुठला कोणाच्या खिडकीला आहे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. हे मला कोणी शिकवलेलं नाही. एका गॅरेजच्या बाहेर उभा राहून उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग पाहिलं, डोळे सुजले, आणि शिकलो.

हे सगळं लिहायचं कारण, तू परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, मी संध्याकाळचं काही काम पाहून राहिली." मी फोन ठेवला. फोनवर माझा आवाज चढतो, तुला माहीत आहे. कागदावर चढत नाही. म्हणून कागद. शेजारचा कवडू रोज दुपारच्या गाडीने रामदासपेठेतल्या दवाखान्यात ड्यूटीला जातो आणि तुझा डबा नेतो, तोच पत्रही नेईल. तू उत्तर रिकाम्या डब्यात घाल. डबा कोरडा करून घाल. मागच्या वेळी झाकणाच्या खाचेत ओल राहिली होती.

आता कामाचं. हे हात मी पत्र्यात घातले ते तुझे पत्र्यात जाऊ नयेत म्हणून. करायचंच असेल तर टेबलखुर्चीचं काम कर. ग्रंथालय, विभागाचं ऑफिस, नाहीतर शिकवणी. उभं राहायचं काम माझ्या घरात चालणार नाही. कवडूची अदिती बी.कॉम. झाली आणि बर्डीवर कपड्याच्या दुकानात दिवसभर उभी राहते. मी त्याच्या तोंडावर म्हटलं होतं, "पोरीले शिकवून शोकेसमधला पुतळा केलं गा तू कवडू." त्याला वाईट वाटलं. पण चूक काय म्हटलं?

खरं तर तुला कामाची गरजच पडू नये. नवीन समाजभवनाला बारा कूलर लागणार आहेत आणि सेक्रेटरी आनंदरावांनी मला शब्द दिला आहे. ती ऑर्डर झाली की तुझी खोली आणि पुढच्या वर्षाची फी निघते. नाही झाली, तर मात्र तुला खोली सोडून कन्हानहून जाणं-येणं करावं लागेल, आणि प्रयोगशाळा करून ते जमणार नाही हे मलाही कळतं. पण होईल. मी सांगाड्यांचे लोखंडी अँगल कापायला घेतले आहेत.

तुझी आई विचारते, वांग्याच्या भाजीत तिखट जास्त झालं होतं का.

तुझा बाप,
धम्मानंद


नागपूर,
२४ फेब्रुवारी

आदरणीय बाबांना जयभीम.

डबा आधी कपड्याने पुसला, मग उन्हात ठेवला. खाचेत बोट घालून पाहिलं आहे. आईला सांगा, तिखट बरोबर होतं, माझ्या खोलीतल्या पायलला जास्त झालं. तिने तरी सगळी भाजी खाल्ली आणि वर नाक पुसत मलाच बोलली.

काम कसं शोधलं ते ऐका. विभागात कमवा-शिकाच्या जागा मी जाण्याआधीच भरल्या होत्या. एका शिकवणीवाल्या सरांकडे गेले. ते म्हणाले, "मुलांच्या घरी जावं लागेल, गाडी आहे का?" नाही म्हटलं, तर म्हणाले, "मग मॅडम, आधी गाडी घ्या." नोकरीसाठी गाडी पाहिजे आणि गाडीसाठी नोकरी. हिंगण्याला एका कंपनीत पॅकिंगचं काम होतं, त्यांची बस नेते-आणते, पण पाळी सुटेपर्यंत इकडे माझं प्रॅक्टिकल संपून जाईल. एकाने घरबसल्या टायपिंगचं काम देतो म्हणून आधी पैसे मागितले. पायल म्हणाली, "जो काम द्याचे पैसे घेते, तो काम काय देईन वं?" तिथून उठून आले.

शेवटी मिळालं. रामदासपेठेत, संध्याकाळी पाच ते नऊ. विजेच्या वस्तूंची कंपनी आहे, तिचं ऑफिस. येणाऱ्या लोकांना माहिती समजावून सांगायची. एसी आहे, टेबल आहे, खुर्ची आहे. कवडूकाकांना सांगा, डबा आता खोलीवर न देता तिथेच द्यावा, त्यांच्या दवाखान्याच्या पुढच्या चौकातच आहे. मी त्यांना पत्ता सांगितला आहे.

एक विचारायचं होतं. आमचं गंजाचं प्रकरण सुरू आहे. पुस्तकात सगळी समीकरणं आहेत, पण प्रत्यक्षात पत्र्याचा कूलर आधी कुठून गंजतो? आणि शॉक कशाने लागतो? तुमच्याइतकं हे कोणालाच माहीत नसेल. सविस्तर लिहा.

तुमची
नूपुर


कन्हान,
२ मार्च २०२५

चि. नूपुर हिला सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग तुझ्या आईला वाचून दाखवलं. देवकी म्हणाली, "पोरगी विचारून राहिली तर सांगा ना, काहून एवढे फुगले?" फुगलो नाही. पण एम.एस्सी. रसायनवाली मुलगी गंजाबद्दल बापाला विचारते, हे मी चहाच्या टपरीवर दोघातिघांना सांगितलं खरं. तुला कंपनीच्या ऑफिसात खुर्ची मिळाली हेही सांगितलं. कवडू तिथेच होता. तो नुसता चहा पीत राहिला. जळला असेल.

आता नीट वाच. लोक म्हणतात कूलर खिडकीकडून गंजतो, पावसाचं पाणी लागतं म्हणून. चूक. कूलर तळातून जातो, आणि तळातही एकाच ठिकाणाहून: पाणी सोडायच्या तोटीजवळून. पत्र्यावर जस्ताचा थर असतो, तो आहे तोवर गंज शिरत नाही. पण तोटीसाठी भोक पाडावंच लागतं. भोक पाडलं की तिथली कड उघडी पडते. त्यात आपल्याकडचं बोअरचं पाणी खारं. आणि सीझन संपला की लोक तोटी उघडून समजतात की टाकी रिकामी झाली. होत नाही. तोटीची कड वर असते, बोटभर पाणी खाली राहतंच. ते चार महिने तिथे बसून पत्रा खातं.

वरून काही दिसत नाही. ओळखायचं कसं, ते माझं मी शोधलं आहे. करंगळी तोटीच्या खालून, मागच्या बाजूने फिरवायची, दुसरं बोट तिथे शिरत नाही. नखाला लाल लागलं की समजायचं, हा तिसरा उन्हाळा काढणार नाही. गिऱ्हाइकाच्या घरी दुरुस्तीला गेलो की मी पाणी प्यायचं निमित्त करतो, तो आत गेला की करंगळी फिरवून घेतो, आणि मग भाव सांगतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही.

तू विचारशील, बाबा, तुमच्या कूलरचं काय? माझ्यातही तेच होतं. मी भोकाची कड आत वळवतो, वर डांबर लावतो, तर दुसऱ्याचा दोन उन्हाळे चालतो तिथे माझा तीन, फार तर चार चालतो. एवढाच फरक. यावर अजून उपाय सापडलेला नाही. तुझ्या पुस्तकात असेल तर लिही.

शॉकचं सोपं आहे. पंपाची वायर पाण्यात सोडतात, तिला कुठेतरी चीर पडते, आणि अर्थिंग केलेलं नसतं. लोखंडी अंगाला हात लागला की संपलं. माझ्या प्रत्येक कूलरला अर्थिंगची वायर असते, हिरवी. लोक ती कापून टाकतात, प्लग बसत नाही म्हणून.

हे सगळं तुझ्या वहीत माझ्या नावानिशी लिहिलंस तरी हरकत नाही.

तुझा बाप,
धम्मानंद


नागपूर,
१३ मार्च

आदरणीय बाबांना जयभीम.

तुमचं पत्र खूप उपयोगी पडलं. इतकं, की काय सांगू. ऑफिसातले सुशीलभाऊ म्हणून मॅनेजर आहेत, ते म्हणाले, "नूपुर मॅडम, तुम्ही सांगता तेव्हा लोक ऐकतात. बाकीचे नुसते ओरडतात." मला आता कायम केलं आहे, परीक्षेपर्यंत.

उपाय पुस्तकात आहे, पण महाग आहे. पाण्यात जस्ताची एक कांडी ठेवायची, गंज पत्र्याऐवजी तिला खातो. तुम्ही करून पाहा.

खोलीतला आपला कूलर काल धुतला. पायल म्हणते, हा आवाज करत नाही, मला झोपच येत नाही. तिला घरच्या कूलरच्या खडखडाटाची सवय आहे.

जास्त लिहीत नाही, प्रॅक्टिकल आहे.

तुमची
नूपुर


कन्हान,
३ एप्रिल २०२५

नूपुर,

काल आनंदराव आले होते. मी आठ कूलरांचे सांगाडे उभे करून ठेवले होते, ते त्यांनी पाहिलेही नाहीत. वर्कशॉपच्या दारात माझा स्वतःचा जुना कूलर असतो, त्याच्यापाशी ते उकिडवे बसले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि खाली मातीत. मला वाटलं काही पडलं त्यांचं. त्यांनी करंगळी तोटीच्या खालून, मागच्या बाजूने फिरवली आणि माझ्यासमोर धरली.

"हे पाहा, धम्मानंदभाऊ."

"काय पाहू?"

"नख पाहा ना. लाल झालं. हा तिसरा उन्हाळा नाही काढत."

"तुमाले हे कोणं सांगतलं?"

"रामदासपेठेत शोरूममधी एक पोरगी हाय. लय हुशार. प्लास्टिकच्या कूलरपाशी उभी राहून सांगते, घरी जाऊन करंगळी फिरवून पाहा म्हणते. मी म्हटलं, पाहूनच घेऊ. पण भाऊ, तिथंच तिच्या बोलण्यावर बारा बुक करून आलो. समाजाचा पैसा हाय, तीन उन्हाळ्यांत सडला तर लोकं मलेच बोलतीन. तुमी वाईट नका मानू."

मी म्हटलं, नाही मानत. त्यांना हात पुसायला चिंधी दिली.

मग रात्री कवडू परत आला तेव्हा त्याच्या दारात गेलो. विचारलं, "तू डबा कुठं देऊन राहिला?"

"शोरूममधी."

"कोणत्या?"

"कूलरच्या."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

तो दाराची कडी धरून उभा होता. म्हणाला, "टपरीवर तू खुर्चीचं सांगत होता तवाच सांगणार होतो. मंग माह्या अदितीले तू काय म्हणला होता, ते याद आलं. म्हटलं, याले कोण सांगन गा? याची याले समजू दे." आणि दार लावलं. जोरात नाही लावलं. हळूच लावलं, तेच जास्त लागलं.

आठ सांगाडे उभे आहेत. मला तुझ्याकडून एवढंच लिहून पाहिजे: तू तिथे बसतेस की उभी राहतेस?

धम्मानंद


नागपूर,
१९ एप्रिल

बाबा, जयभीम.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इतके दिवस दिलं नाही. रोज लिहायला घेत होते. चौदा एप्रिललाही घरी आले नाही, जन्मल्यापासून पहिल्यांदा. आईला फोनवर सांगितलं, परीक्षा आहे. परीक्षा नव्हती. पांढरी साडी नेसून खोलीतच बसले होते. खाली डीजे वाजत होता, पायल दोनदा बोलवायला आली, आणि मला वाटत होतं की विहारात तुमच्या शेजारी बसले तर लोक माझी करंगळी पाहतील.

मी उभी राहते. खुर्ची आहे असं लिहिलं ते खोटं नव्हतं, पण ती गिऱ्हाइकांसाठी आहे. गंजाचं प्रकरण मात्र खोटं होतं, ते आम्हाला बी.एस्सी.लाच झालं. पहिल्या आठवड्यात माझ्याकडून एकही कूलर विकला गेला नव्हता. सुशीलभाऊ म्हणाले होते, शनिवारपर्यंत पाहतो, नाहीतर राहू द्या. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तुमच्याकडे होतं. म्हणून विचारलं. तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी करंगळीचं एका बाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला घेऊन आल्या, नख दाखवायला, आणि दोन कूलर घेऊन गेल्या. मग मी सगळ्यांनाच सांगायला लागले.

आनंदरावांचं तुम्हाला वाटत असेल, मी त्यांना ओळखलं नाही. तेही मला ओळखत नाहीत, ते खरं आहे, ते कन्हानला राहायला आले तेव्हापासून मी नागपुरातच आहे. पण बोलता बोलता ते म्हणाले, "आमच्या कन्हानच्या समाजभवनाले पाहिजे, बारा." तेव्हा मला कळलं होतं, बाबा. अर्धंच बोलून झालं होतं. तिथेच थांबून म्हणता आलं असतं की काका, कन्हानलाच एक जण फार चांगले बनवतात. सुशीलभाऊ मागे उभे होते. बारा ऐकून ते पुढे आले. आणि मी करंगळी वर करून दाखवली.

आता परवाचं. हे लिहायला सगळ्यात जड जातं आहे.

मी एका मॅडमना पाण्याची टाकी उघडून दाखवत होते. काचेचं दार उघडलं आणि तुम्ही आत आलात, हातात आईने शिवलेली निळी पिशवी. चप्पल बाहेर काढून आलात. तिथे कोणीच काढत नाही, बाबा. तुम्ही गार फरशीवर अनवाणी उभे राहिलात आणि आधी छताकडे पाहिलंत, मग कूलरांकडे, मग माझ्याकडे. मी "बाबा" म्हणायलाच तोंड उघडलं होतं. शप्पथ. बाहेर आलं, "या काका, बसा."

तुम्ही बसलात.

मला वाटलं तुम्ही काहीतरी बोलाल. ओरडला असतात तरी चाललं असतं. सुशीलभाऊंनी पिशवी ओळखली. म्हणाले, "अरे, हा तर नूपुर मॅडमचा डबा! आज कवडूभाऊ नाही आले वाटते?" आणि तुम्ही म्हणालात, "नाही. आज मी आणला." जसे तुम्ही डबे पोचवणारेच. मग त्या मॅडम म्हणाल्या, पुढे सांगा ना, आणि मी पुढे सांगितलं. तुमच्यासमोर. तोटी, जस्त, बोटभर पाणी, सगळं तुमच्याच शब्दांत, कारण माझे स्वतःचे शब्दच नाहीत. तुम्ही मान हलवत होतात. मॅडमना वाटलं, काकांना पटतं आहे. त्यांनी तुम्हालाच विचारलं, "खरं आहे ना हो?" तुम्ही म्हणालात, "खरं आहे."

मी पाणी आणायला आत गेले ते तिथेच उभी राहिले, पेला भरून सांडून पुन्हा भरला. बाहेर आले तर तुम्ही उठला होतात. पाणी उभ्याने प्यायलात, पेला माझ्या हातात दिलात, म्हणालात, "येतो." मी "या काका" म्हटलं. दुसऱ्यांदा. तेव्हा तर कोणी मागे उभंही नव्हतं.

डब्यात पोळ्या, भरली वांगी आणि चौदा एप्रिलची खीर होती. तीन दिवस आईने फ्रिजमध्ये ठेवली होती माझ्यासाठी. मी ती खाल्ली नाही, पायलला दिली. मग पायलनेही नाही खाल्ली. म्हणाली, "तुझ्या बापाची खीर मी नाही खात वं, तू खा." शेवटी दोघींनी खाल्ली.

मी सोमवारपासून काम सोडते. सुशीलभाऊंना सांगेन. खोलीही सोडते, कन्हानहून जाणं-येणं करीन, प्रयोगशाळेचं काहीतरी होईल. नाही झालं तर वर्ष जाऊ दे.

आपल्या खोलीतल्या कूलरच्या तोटीखाली काल करंगळी फिरवली. नख स्वच्छ निघालं.

नूपुर


कन्हान,
२७ एप्रिल २०२५

चि. नूपुर हिला सप्रेम जयभीम.

तुझ्या खोलीतल्या कूलरचा हा दुसराच उन्हाळा आहे. नख स्वच्छ निघणारच. पुढच्या वर्षी पाहा आणि मग लिही.

तू काम सोडू नको. खोलीही सोडू नको. सोमवारी सांगणार होतीस, सांगितलं असशील तर जाऊन परत घे. सुशीलभाऊ घेतील, मी त्यांना पाहिलं आहे, विकणारा माणूस विकणाऱ्याला सोडत नाही.

मी रागावून तिथे आलो होतो हे खरं. गाडीत पूर्ण वेळ मनात वाक्यं जुळवत होतो. दारात आल्यावर पहिल्यांदा माझं लक्ष माझ्या चपलेकडे गेलं. तिला डांबर लागलं होतं, आणि आत फरशी अशी की छताचे दिवे खाली दिसत होते. मी चप्पल काढली ती रीत म्हणून नाही. ती दिसू नये म्हणून काढली. मग पाय दिसले. म्हणजे तू "काका" म्हणण्याच्या आधीच मी तुझा बाप म्हणून आत आलो नव्हतो. आणि तुझ्या मॅनेजरने विचारलं तेव्हा माझ्याही तोंडावर कोणी हात ठेवला नव्हता. "मी हिचा बाप" एवढं म्हणायला काय लागतं? मी म्हणालो, "आज मी आणला." तू एकदा चुकलीस आणि मग दुसऱ्यांदा, हे तू लिहिलंस. मी चुकलो ते तू तुझ्या पत्रात लिहिलंच नाहीस. म्हणून मी लिहितो.

ते बाजूला ठेव. तुझ्या बोलण्यात दोन चुका आहेत त्या दुरुस्त कर. तू त्या बाईंना म्हणालीस की प्लास्टिकला शॉकच लागत नाही. असं सांगू नको. पंप तोच असतो, वायर तीच असते, आणि पाण्यात हात घातला तर प्लास्टिक तुला वाचवत नाही. प्लग काढूनच पाण्याला हात लावा, असं सांगायचं. दुसरं, टाकी दाखवताना तू झाकण वरच्या वर धरतेस, तुझा एक हात त्यातच अडकून राहतो. झाकण उलटं करून जाळीवर ठेवायचं, त्याला खाच असते, बघ. एवढी चांगली वस्तू विकायची तर नीट धरावी.

बाकी तू चांगलं सांगतेस. मला माझं काम इतक्या सोप्या शब्दांत कधी सांगता आलं नाही. तू सांगत होतीस आणि मला आठ सांगाडे दिसत होते, आणि तरी मान हलत होती. खोटं असतं तर हलली नसती.

आनंदरावांचे बारा कूलर आले. उंच खिडक्यांना ते खालून पोचत नाहीत, त्यांना लोखंडी स्टँड लागतात. आनंदराव लाजत लाजत आले. मी त्यांना लाजू दिलं थोडा वेळ, मग हो म्हटलं. आठ सांगाडे उभेच होते, त्यांचेच कापून स्टँड करतो आहे. यात फीचं सगळं निघणार नाही, पण तुझं काम धरून निघेल. जस्ताची कांडीही आणली आहे, दारातल्या कूलरमध्ये ठेवली. तीन उन्हाळ्यांनी सांगेन.

परवा कवडूकडे गेलो. त्याच्याकडे नाही, अदितीकडे. ती नुकतीच दुकानातून आली होती, पाय बादलीत घालून बसली होती. मी उभाच राहिलो. तिने खुर्ची पुढे केली नाही, आणि मीही मागितली नाही. म्हटलं, "अदिती, दिवसभर उभं राहाचं तर पायात काय घालाव लागते वं?"

तिने बादलीतला एक पाय वर काढला. मग म्हणाली, "पुतळ्याले काय लागते काका, काहीच नाही लागत."

मी म्हटलं, "मी चुकलो."

कवडू आतून म्हणाला, "मोठ्यानं बोल गा, मले नाही ऐकू आलं." पुन्हा मोठ्याने म्हटलं. देवकीला आमच्या घरात ऐकू आलं, असं ती म्हणते.

मग अदितीने सांगितलं की तळवा मऊ पाहिजे, टाच चपटी पाहिजे, आणि रोजच्यापेक्षा एक नंबर मोठी घ्यायची, संध्याकाळपर्यंत पाय सुजतो. तिनेच कामठीहून तशी चप्पल आणून दिली. डब्यासोबत पाठवतो आहे. पट्टीची कड टोचत होती, ती मी आत वळवली आहे.

डबा कवडूच आणेल. तूच त्याला आधी जयभीम घाल.

तुझा बाप,
धम्मानंद

ता. क. तू पाणी आणायला आत गेली होतीस तेव्हा सुशीलभाऊंनी माझे हात पाहिले. विचारलं, "काका, पत्र्याचं काम करता काय?" म्हटलं, कूलर बनवतो. ते खुर्ची ओढून जवळ बसले. म्हणाले, "मग सीझनभर आमच्या दारात उभे राहा. दोन महिने. काही विकायचं नाही, गिऱ्हाइकाला एवढंच सांगायचं, मी आयुष्यभर पत्र्याचे बनवले, आता तुम्ही हे घ्या." तुला वाटेल बाप मानी आहे, ताडकन उठला असेल. तसं नाही झालं. तू पेला घेऊन येईपर्यंत मी विचार करत होतो. पण मग दोन महिने रोज तुला मला काका म्हणावं लागलं असतं. मी नाही म्हणालो. महिन्याला बावीस हजार देत होते.